खराड्यांच्या घरचं दूध

१९८० साल होतं. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं, खिडक्यांशी मायक्रोस्कोप ओळीनं मांडलेले होते आणि मी तेच ते लिव्हर शिकवत होते.

"लहान मुलांचा सिरोसिस," मी म्हटलं. "वय सहसा तीन वर्षांच्या आतलं. पोट वाढतं, मूल किरकिर करतं, लिव्हर दगडासारखं घट्ट होतं, शेवटी कावीळ होते आणि मूल जातं. एकाच घरात एकापाठोपाठ दोन-तीन मुलं जातात. कारण अज्ञात. स्लाइड बघा आणि चित्र काढा."

पोरांनी 'कारण अज्ञात' लिहून खाली रेघ मारली. दरवर्षीची पोरं तशीच रेघ मारत. मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला. प्रमिला जगदाळे. खेड्यातून आलेली, वर्गात फार न बोलणारी.

"मॅडम, कारण अज्ञात म्हणजे कुणी शोधलं नाही, का शोधून सापडलं नाही?"

पोरं हसली.

"परीक्षेत दोन्हीला सारखेच मार्क आहेत," मी म्हटलं, आणि पोरं आणखी हसली. ती मात्र हसली नाही. तिनं मान खाली घालून स्लाइडला डोळा लावला.

त्या वर्षी मी फार थकले होते. आजारी नव्हते, घरी काही वाईट घडलं नव्हतं. सकाळी उठताना पाय जड व्हायचे इतकंच. कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडले तेव्हा रोगाचं मूळ समजून घ्यायचं म्हणून मी हौसेनं पॅथॉलॉजी घेतली होती. मग वर्षं गेली आणि लक्षात आलं की आपण मूळबीळ काही बघत नाही. झालेली नासधूस बघतो, तिला नाव देतो आणि पुढची स्लाइड उचलतो. आमच्याकडे माणूस येतच नसे. त्याचा एवढासा तुकडा बाटलीतून यायचा. आमचे विभागप्रमुख हर्डीकर सर तपकीर ओढत म्हणायचे, "गद्रेबाई, आपला पेशंट कधी तक्रार करत नाही. म्हणून तर मी या शाखेत आलो."

त्याच आठवड्यात मुलांच्या वॉर्डातून एक बाटली आली. सुईनं काढलेला लिव्हरचा तुकडा, शेवयाच्या तुकड्याएवढा. चिठ्ठीवर लिहिलं होतं: दीपक खराडे, नऊ महिने, निमगाव. तुकडा मेणात बसवला, कापला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली घातला. वर्गात शिकवलेलंच सगळं समोर होतं, फक्त सुरुवातीचं.

सरांनी बघितलं आणि म्हणाले, "निमगावचे खराडे? मागच्या साली याच नावाचं एक आलं होतं. मूल गेल्यावर वॉर्डवाल्यांनी सुई घालून तुकडा पाठवला होता. बापानं त्यापलीकडं हात लावू दिला नव्हता."

"याचा भाऊ असेल."

"असेल." सरांनी कपाटाकडं बघितलं. "तो ब्लॉक आहे का अजून?"

ब्लॉक होता. मेणात बसवलेला तुकडा आम्ही कधी टाकत नाही. सरांनी कपाटातून एक रंगाची पुडी काढली, ऑर्सिन नावाची. परदेशातल्या मासिकात त्यांनी काहीतरी वाचलं होतं. काही जणांना या रोगात तांब्याचा संशय यायला लागला होता, आणि लिव्हरच्या पेशींत तांबं साठलं असेल तर या रंगानं तपकिरी ठिपके दिसतात, असं ते म्हणाले. शोध आमचा नव्हता, हे आधीच सांगते. आमच्याकडे फक्त एक पुडी होती आणि एका घरातली दोन मुलं.

दोन्ही स्लाइड्सवर ठिपके होते. नाचणीचं पीठ सांडावं तसे. मेलेल्या मुलाच्या लिव्हरमध्ये तर पेशी दिसेनाशी झाली होती.

"हे पोटात आलं कुठून?" मी विचारलं.

सरांनी रुमालानं नाक पुसलं. "ते या काचेवर नाही दिसणार, गद्रेबाई. वॉर्डात जाऊन या."

मी कितीतरी वर्षांत वॉर्डात गेले नव्हते. तिथला वास विसरले होते. खराड्यांची सून खाटेशेजारी, फरशीवर बसली होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल, अंग सुकलेलं, नाव शालन. मांडीवरचं मूल कुरकुरत होतं आणि ती बाटलीनं त्याला दूध देत होती.

"अंगावर पाजत नाही?" मी विचारलं.

तिनं दाराकडं बघितलं. बाहेर व्हरांड्यात तिची सासू दुसऱ्या बायकांशी बोलत बसली होती.

"माजं दूध वंगाळ हाय," ती हळूच म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"दोन गेली न्हवं माजी. मग कळलंच की."

मी खाली तिच्याशेजारी बसले. तिला त्याचं नवल वाटलं असावं, कारण ती सरकून बसली आणि मग बोलत गेली. पहिल्याला तिनं वर्षभर अंगावर पाजलं. तो तीन वर्षांचा होऊन गेला. तो गेल्यावर सासू म्हणाली, दूध बाधलं. दुसऱ्याला दोन महिन्यांतच अंगावरून तोडलं आणि म्हशीचं सुरू केलं. तो दीड वर्षाचा होऊन गेला. या तिसऱ्याला पहिल्या दिवसापासून छातीला लावूच दिला नव्हता.

"पाच दिवस छाती दगडावाणी झालती," ती म्हणाली. "मोगऱ्याची फुलं बांधून आटीवलं."

मी ऐकत होते. माझ्या डोक्यात ती तीन मुलं एका ओळीत उभी राहत होती. ज्याला आईचं जास्त मिळालं तो जास्त टिकला, ज्याला कमी तो कमी. ज्याला काहीच नाही, त्याचं लिव्हर नवव्या महिन्यातच हाताला लागत होतं. गणित उलटंच होतं.

"डॉक्टरीणबाई," शालननं विचारलं, "ह्यो वाचंल?"

"बघू."

"वाचला न्हाई तर मला माघारी धाडणार हायत. आत्याबाईंनी पोरगी बगून ठेवलीया, त्यांच्या चुलतभावाची." व्हरांड्यातल्या सासूकडं बघत तिनं हे भाकरी करपल्याचं सांगावं तसं सांगितलं. "मालक काय बोलत न्हाईत. त्यांचं बी खरं हाय. तीन लेकरं कुनाच्या घरात जात्यात?"

मी विभागात परत आले आणि सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ तपकिरीची डबी नुसतीच फिरवत बसले.

"दूध कशात तापवतात?" त्यांनी विचारलं.

"ते विचारलं नाही."

"विचारू नका. विचारलं की लोक घासूनपुसून उत्तर देतात. जाऊन बघा."

"सर, मी पॅथॉलॉजीची. मी कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊ?"

"मग आणखी एक ब्लॉक येईल. तोही ठेवू जपून."

मूल काही दिवसांनी घरी पाठवलं होतं. मी रविवारी एस.टी.नं निघाले आणि प्रमिला जगदाळेला बरोबर घेतलं, कारण तिचं गाव त्याच बाजूला होतं आणि मला एकटीला कुणाच्या दारात उभं राहायचं धाडस नव्हतं. गाडीत तिला दोन्ही स्लाइड्सचं सांगितलं. ती सगळा रस्ता खिडकीला डोकं टेकून बसली होती. उतरताना म्हणाली, "मॅडम, म्हणजे शोधलं नव्हतं."

खराड्यांचं घर खाऊन-पिऊन सुखी होतं. दारात दोन म्हशी, ओसरीवर ज्वारीची पोती. सासू, हौसाबाई, उंच आणि ताठ बाई होती. आम्ही कॉलेजातून आलो म्हटल्यावर तिनं घोंगडं अंथरलं.

"पोराला बगाय आलासा? निजलंय. औषध देतुया वेळच्या वेळी," ती म्हणाली. "आमी काय कमी करत न्हाई, बाई. दूध तर ह्या घरात कधी इकत आणलं न्हाई. म्हशीचं निर्भेळ."

"तापवता कशात? बघू का?"

तिला प्रश्नाचं नवल वाटलं, पण तिनं आत नेलं. स्वयंपाकघर स्वच्छ होतं. फळीवर स्टीलचे डबे नवे, चकचकीत. चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या तोंडावर, पितळेचं एक पातेलं होतं आणि त्यात दूध. सकाळी तापवायचं आणि दिवसभर तिथंच उबेला ठेवायचं, पोराला लागेल तसं काढायचं.

"स्टील नाही वापरत दुधाला?" प्रमिलानं विचारलं.

"स्टीलमदी दूध लागतंय खाली. पितळेत ग्वाड ऱ्हातं." हौसाबाईनं दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि पातेलं आमच्यापुढं धरलं. "ही बगा. आतनंबाहीरनं सारकं. माजी सून घासायला खमकी हाय, तेवढं म्हनीन मी. चिंच आन् राख."

पातेलं आतून सोन्यासारखं चमकत होतं. कल्हईचं भांडं आतून पांढरं असतं. ते इतकं पिवळं दिसायला नको होतं.

"कल्हई कधी केली होती?" मी विचारलं.

"कल्हईवाला आता कुटं येतोय? समद्यांनी स्टील घ्येतलं. आन् एका भांड्यासाटनं तालुक्याला कोन जातंय?"

मी काही बोलण्याच्या आत प्रमिला बोलून गेली. तोंडी परीक्षेत नेमका प्रश्न यावा आणि उत्तर येत असावं, तसा तिचा चेहरा झाला होता. "मॅडम, हेच की. दूध दिवसभर यात राहतं, पितळेतलं तांबं दुधात उतरतं, तेच लिव्हरमध्ये साठतं. तिन्ही पोरांना यातलंच..." आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण वर्गात नाही.

शालन पोराला घेऊन उंबऱ्यात उभी होती.

हौसाबाईनं पातेल्याकडं बघितलं, मग सुनेकडं. "काय म्हनली ही पोरगी? ह्या भांड्यानं?"

तिनं पातेलं खाली ठेवलं.

"ही भांडं हिच्या आईनं दिलंय," हौसाबाई मला म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "रुखवतात. तवा मी म्हनलं हुतं, कशाला एवडं जड भांडं. तर हिची आई म्हनली, माज्या नातवांना दूध कमी पडाय नगं." ती सुनेकडं वळली. "ऐकलंस? तुज्या आईनं दिलंया. तुज्या हातानं घासलंस. आन् मी आपली देवाला इचारतिया."

ओसरीवरून नवरा आत आला. आनंदा त्याचं नाव. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला.

"आई, त्यांचं ऐकून तर घे," तो म्हणाला.

"ऐकलं मी. आता तुजं तू ठरीव. त्या पोरीकडची मानसं परवा येनार हायत."

शालन उंबऱ्यात तशीच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला खरं कारण सांगितलं होतं आणि तेही तिच्याच घरून निघालं होतं. तिनं पोराला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मी त्या वेळी काय ठरवून बोलले, असं मला म्हणता येणार नाही. ठरवायला वेळच नव्हता. मला थकवा आला होता, वर्षानुवर्षांचा, आणि त्या थकव्यात माणूस कधीकधी सरळ बोलतो.

"हौसाबाई, बसा," मी म्हटलं. "भांड्याची चूक नाही, देणाऱ्याची नाही. त्यात कल्हई असती तर काही झालं नसतं. असं भांडं गावात किती घरांत असेल. तिथली पोरं का जात नाहीत?"

"तेच इचारते मी. का न्हाई जात?"

"कारण ती आईच्या अंगावर पितात. वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षं. वरचं दूध त्यांच्या पोटात थोडंच जातं." मी थांबले. पुढचं वाक्य मला दिसत होतं आणि ते म्हणावंसं वाटत नव्हतं. पण उंबऱ्यातली ती बाई माझ्याकडं बघत होती. "तुमच्या थोरल्या नातवाला हिनं वर्षभर पाजलं, तो तीन वर्षं राहिला. दुसऱ्याला दोन महिने पाजलं, तो दीड वर्ष राहिला. याला पाजलंच नाही. हिचं दूध चांगलं होतं. पोरं जेवढी टिकली तेवढी त्याच्यावर टिकली."

चुलीतलं लाकूड खाली घसरलं. हौसाबाई माझ्याकडं बघत राहिली. ती बाई हुशार होती, हिशेब करायला तिला वेळ लागला नाही. दूध तोडायला कुणी सांगितलं, हे त्या घरात कुणी कुणाला विचारायची गरज नव्हती. आनंदानं अंगठा हलवायचा थांबवला होता. प्रमिलानं डोळे मिटून घेतले होते.

"म्हंजी..." हौसाबाई म्हणाली.

ती जमिनीवर बसली. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, म्हातारी होऊन बसली. आम्ही आलो तेव्हा ती म्हातारी नव्हती. पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. मग ती उठली, चुलीपाशी गेली आणि तिनं आधण ठेवलं.

"बिनदुदाचा च्या घ्याल न्हवं?" तिनं माझ्याकडं न बघता विचारलं.

आम्ही घेतला. शालन आत येऊन भिंतीशी बसली, सासूपासून चार हातांवर. मी तिला सांगितलं की आजपासून दूध स्टीलच्या भांड्यात, तापलं की लगेच द्यायचं, साठवायचं नाही. ती मान डोलवत होती. मग तिनं विचारलं, "आता पाजलं तर?"

"आता येणार नाही, बाई. आटवलंय ना."

"येतंय कवाकवा," शालन म्हणाली. "ह्यो रडला की भिजतंय लुगडं. मी सांगत न्हाई कुनाला."

हौसाबाईची बशी हातात होती तशीच राहिली.

मग ती म्हणाली, "जा की माजघरात. घे त्याला."

शालन उठून गेली. मागून आनंदा बाहेर गेला आणि म्हशींपाशी उभा राहिला. निघताना मी पातेलं मागितलं, कॉलेजात तपासायला. हौसाबाईनं ते फडक्यात बांधून दिलं. दारापर्यंत आली, पण 'या पुन्हा' म्हणाली नाही.

परतीच्या गाडीत प्रमिला रडायला लागली. "मी बोलायला नको होतं, मॅडम."

"तू बोललीस म्हणून त्यांनी ऐकलं," मी म्हटलं. "मी बोलले ते त्यांनी ऐकायलाच हवं होतं का, ते मला कळत नाहीये."

"खरं होतं ना?"

"खरं होतं."



दीपक वाचला नाही. आम्ही पोचलो तेव्हाच उशीर झालेला होता. हर्डीकर सरांनी मुंबईहून महागडं औषध मिळवलं, मुलांच्या डॉक्टरांनी ते दिलं, आणि तरी पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. शेवटचे महिने तो आईच्या अंगावर होता. थोडंच यायचं, पण येत होतं.

हर्डीकर सर पुढच्याच वर्षी निवृत्त झाले आणि नाशिकला मुलीकडे गेले. जाईपर्यंत त्यांनी लिव्हरच्या प्रत्येक तुकड्याला तो रंग दिला. निवृत्तीनंतर ते बागकाम करत होते, असं त्यांच्या मुलीनं मला कळवलं.

प्रमिला मुलांची डॉक्टर झाली, तालुक्याच्या गावी. तिच्या दवाखान्यात आलेल्या प्रत्येक बाईला ती आधी दुधाचं भांडं विचारते आणि बायका तिला भांडीवाली बाई म्हणतात, असं तीच हसत सांगते. तो रोग आता दिसेनासा झाला. कल्हई परत आली म्हणून नव्हे, पितळच गेलं म्हणून. आता विद्यार्थ्यांना तो शिकवताना फक्त जुन्या स्लाइड्स दाखवाव्या लागतात.

आनंदानं दुसरं लग्न केलं नाही. तिकडची माणसं आली होती. हौसाबाईनंच त्यांना ओसरीवरून परत पाठवलं, जेवूसुद्धा घातलं नाही. दोन वर्षांनी शालनला मुलगी झाली. ती आता पस्तिशी ओलांडून गेली आहे, शिक्षिका आहे. ती जन्मली तेव्हा वरचं दूध घेऊन येणाऱ्या सगळ्या आत्या-मावश्यांना हौसाबाईनं दारातूनच वळवलं. पुढं हौसाबाईला दम्यानं गाठलं आणि ती वारली.

हौसाबाईचं हे मला शालननं सांगितलं. मी निवृत्त होण्याच्या सुमारास ती एकदा विभागात आली होती, मुलीला चष्मा करायचा होता म्हणून शहरात आलेली. अंगानं भरलेली, केस पिकायला लागलेले. मी चहा मागवला आणि विचारलं, सासू शेवटी कशी होती तुझ्याशी?

"बरी हुती," ती म्हणाली. "शेवटच्या साली अंथरुनातच. मीच करत हुते समदं. येकदा पेज भरवताना इचारलं मला, 'शालन, माज्यावर राग हाय का तुजा?'"

"मग?"

"म्या म्हनलं, 'हाय.'"

तिनं चहा बशीत ओतला.

"मग म्हनल्या, 'असू दे.' आन् तोंड उघडलं पुढच्या घासाला."